चार वाजताचं बीपी

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी आमच्या वॉर्डात आठ इंटर्न होते आणि त्यांतली एकच मुलगी स्वतःच्या हाताने बीपी मोजायची. बाकीचे तिला ‘सिस्टर’ म्हणून चिडवायचे. "ए सिस्टर, माझ्या चार बेडचं पण घेऊन टाक ना," असं म्हणत मोबाईलवरची नजर न उचलता तिच्याकडे कागद सरकवायचे. मी खरीखुरी सिस्टर, त्याच वॉर्डाची इनचार्ज, पाच-सहा फुटांवर टेबलाशी बसलेली असायचे. आपण माझ्या हुद्द्याचा टोमणा म्हणून वापर करतोय हे त्यांच्या लक्षात येत नसावं. किंवा येतही असेल आणि त्याचं त्यांना काही वाटत नसेल.

नाशिकच्या ज्या इस्पितळात मी नोकरी केली तिथे डॉक्टरकीचं कॉलेजही आहे. साडेचार वर्षांचा अभ्यास संपवून, परीक्षा पास झालेली मुलं शेवटचं वर्ष वॉर्डात प्रत्यक्ष काम करतात, त्यांना इंटर्न म्हणतात. दर दोन महिन्यांनी एक तुकडी जाते, दुसरी येते. बायकांच्या मेडिसिन वॉर्डात मी अशा कितीतरी तुकड्या पाहिल्या. नाशिकरोडहून सकाळची बस पकडून मी पावणेआठला वॉर्डात असायचे. इंटर्न नऊला यायचे, साडेनऊच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांच्या मागे अर्धवर्तुळ करून उभे राहायचे आणि राउंड संपला की निम्मे गायब व्हायचे. चादरी ठेवायच्या खोलीशेजारी त्यांची एक खोली होती. तिथे कानात इयरफोन घालून, टॅबवर पुढच्या परीक्षेची लेक्चरं बघत बसायचे. हजेरीपटावर मात्र आठच्या आठ सह्या असायच्या.

त्यांचा त्रास मला कळत नव्हता असं नाही. पुढची परीक्षा अवघड, जागा थोड्या, घरच्यांच्या अपेक्षा डोक्यावर. मी हे सगळं ऐकून होते. पण खाटेवरच्या बाईचा त्यात काय दोष? ती तिच्या आजारपणात आलेली असते. तिला तुमच्या परीक्षेची तारीख ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करते. चार्ट खोटे भरले जातात असा संशय मला कित्येक दिवस होता. एकशे दहा-सत्तर, एकशे वीस-ऐंशी, पुन्हा एकशे दहा-सत्तर. सुरगाण्याहून आलेली पंचविशीतली बाळंतीण असो की सत्तरीची म्हातारी, सगळ्यांचं बीपी तेच. माणसांची बीपी अशी शाळेच्या कवायतीसारखी एका ओळीत उभी राहत नाहीत. वॉर्डाच्या निवासी डॉक्टरांना मी एकदा ते दाखवलंही. ते हसून म्हणाले, "सगळे स्टेबल आहेत सिस्टर, चांगलंच आहे की." मीही विषय सोडून दिला. राउंडला उशीर होत होता, दोन सलाईनं संपत आली होती. अशी कारणं रोजच असतात.

सप्टेंबरच्या शेवटी डेंग्यूचे पेशंट वाढले. त्यात एक फुलं पिकवणारी बाई होती, पन्नाशीच्या आतबाहेरची. शहराला लागूनच त्यांचं दोन एकर रान, त्यात झेंडू आणि शेवंती. चार दिवस ताप अंगावर काढून ती आली होती, कारण दसऱ्याचा झेंडू तोडायला आला होता. हाताच्या बोटांना फुलांच्या देठांचा हिरवट काळा रंग असा बसलेला की स्पिरिटनेही निघेना. बोलायची भरपूर. सकाळी मी चादर बदलायला गेले तर म्हणाली, "ताई, ताप उतरला वो. रातीपासून लय हलकं वाटतंय. आता सोडा ना घरी. रानात माणूस नाय."

"डॉक्टर सांगतील तेव्हा," मी म्हटलं.

डेंग्यूमध्ये ताप उतरतो तेव्हाच खरी भीती असते. अंगातलं पाणी रक्तवाहिन्यांतून पाझरायला लागतं, बीपी खाली यायला लागतं आणि पेशंटला मात्र बरं वाटत असतं. म्हणून अशा पेशंटच्या खाटेला वेगळा चार्ट लावतात. दर दोन तासांनी नाडी आणि बीपी त्यावर लिहायचं. आम्ही तिघी नर्सेस तीस पेशंटना पुऱ्या पडत नव्हतो, म्हणून हे काम इंटर्नमध्ये वाटून दिलेलं होतं. या बाईची खाट एका मुलाकडे होती. उंच, नीटनेटका, इस्त्रीचा पांढरा कोट घालणारा, तुकडीतला सगळ्यांत हुशार म्हणून नावाजलेला.

त्या सकाळी राउंडला विभागप्रमुख याच बाईच्या खाटेशी थांबले. त्यांनी त्या मुलाला विचारलं, "डेंग्यूमध्ये सगळ्यात जपायचं कधी?"

"ताप उतरल्यानंतरचे अठ्ठेचाळीस तास, सर," तो लगेच म्हणाला. "नाडी वेगात चालते, हातपाय गार पडतात, वरच्या आणि खालच्या बीपीतलं अंतर कमी होतं."

"वा," सर म्हणाले. "मग हिचं काय करायचं?"

"दर दोन तासांनी मोजायचं, सर."

हे त्या बाईच्या उशाशी उभं राहून बोललेलं आहे. मी शेजारी फाईल धरून उभी होते. शब्द न् शब्द मला आठवतो आणि आठवला की अजून अंग तापतं.

राउंड संपला. मी औषधं काढायला लागले, मग दोन नवीन पेशंट आले, एकीला सोनोग्राफीला पाठवायचं होतं. बारा वाजता मी इंजेक्शनं देत त्या रांगेतून गेले. फुलवाल्या बाईला इंजेक्शन नव्हतं. ती डोळे मिटून पडली होती. झोपलीय असं समजून मी पुढे गेले.

सव्वा वाजता जेवणाची ताटं उचलणाऱ्या मावशी माझ्याकडे आल्या. "ती फुलवाली काय जेवली नाय. ताटाकडं बघितलं पण नाय. एरवी बोलबोल बोलती, आज गप हाय."

मी गेले. हाक मारली तर तिने डोळे उघडले आणि हसायचा प्रयत्न केला. "गार वाटतंय जरा. पंख्याचं असंल," म्हणाली. मी तिचा हात हातात घेतला. तो नुसता गार नव्हता, गार आणि ओला होता. नाडी बोटांखाली सापडेना आणि सापडली तेव्हा मोजता येणार नाही इतकी भराभर धावत होती. मी पट्टा बांधला. वरचं ब्याऐंशी लागलं, खालचं ऐकूच येईना. पुन्हा बांधला, पुन्हा तेच.

खाटेच्या पायथ्याशी चार्ट अडकवलेला होता. मी तो ओढून घेतला. सकाळी आठचं बीपी रात्रपाळीच्या नर्सच्या अक्षरात होतं. त्याखाली दहा वाजता एकशे दहा-सत्तर, नाडी ऐंशी. बारा वाजता एकशे दहा-सत्तर, नाडी ब्याऐंशी. दोन वाजता एकशे आठ-सत्तर. चार वाजता एकशे दहा-सत्तर. चारही ओळी एकाच निळ्या पेनाने, एका बैठकीत लिहिलेल्या. शेवटी त्याची छोटीशी ऐटबाज सही.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

कागद मी एप्रनच्या खिशात घातला, कारण त्या क्षणी त्याचं काही करायला वेळ नव्हता. निवासी डॉक्टरांना फोन लावला, ते ओपीडीत होते, धावत आले. तोवर सलाईन पूर्ण सोडलं होतं. दुसऱ्या हातात सुई घालायची तर शीर सापडेना, त्या बाईच्या शिरा आत बसल्या होत्या. तेव्हा ती चिडवली जाणारी मुलगी न बोलावता आली, खाली गुडघे टेकून बसली आणि दुसऱ्या प्रयत्नात तिने सुई घातली. बाईचा नवरा दाराबाहेरच्या बाकावर होता, त्याला आत घ्यावं लागलं. "काय झालं ताई? सकाळी त्या डॉक्टरांना विचारलं मी. म्हणले सगळं नॉर्मल हाय," असं तो पुन्हापुन्हा विचारत होता. मी त्याला म्हटलं, "आधी स्ट्रेचर धरा."

आम्ही तिला आयसीयूत नेलं. ज्याची ती पेशंट होती त्याला मी तीनदा फोन केला होता. त्याने उचलला नाही.

अर्ध्या तासाने निवासी डॉक्टर परत आले. बिचाऱ्यांची आदल्या दिवसापासूनची ड्यूटी चालू होती, डोळे लाल झाले होते. बाईचं बीपी सलाईनने थोडं वर आलं होतं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सिस्टर, तो चार्ट द्या. नवीन पान करू."

"कसलं नवीन पान?"

"अहो, ही फाईल उद्या कुणीही मागेल. दहाचं ठेवू, बाराचं थोडं कमी दाखवू, एकला तुम्ही घेतलेलं खरं लिहू. म्हणजे ते हळूहळू खाली गेलं असं दिसेल."

"दहाचं आणि बाराचं कुणी घेतलंच नाही."

"मला माहितेय ते. पण यात माझंही नाव येईल."

मला त्यांची दया आली, पण मी कागद दिला नाही. टेबलाच्या ज्या खणाची किल्ली माझ्याकडे असते त्यात तो ठेवला आणि कुलूप लावलं. माझी पाळी दोनला संपली होती, तरी मी गेले नाही. मला त्याची वाट बघायची होती.

तो पावणेचारला आला. कोट तसाच कडक, केस ओले. "सिस्टर, तुमचे कॉल होते. मी हॉस्टेलवर होतो, फोन सायलेंट होता."

मी चार्ट काढून त्याच्यासमोर धरला. "चारचं बीपी घ्यायला आलात का? ते तर लिहिलेलं आहे."

त्याने कागदाकडे पाहिलं, मग रिकाम्या खाटेकडे पाहिलं. चेहरा उतरला. "मी येऊन घेणारच होतो. काही वेगळं आलं असतं तर करेक्ट केलं असतं."

"आणि दहाचं?"

त्याने कोटाच्या खिशातलं पेन चाचपलं.

"दहाला तुम्ही तिच्या खाटेशी होतात. पट्टा टेबलावर होता. दोन मिनिटांचं काम होतं. ते का केलं नाहीत?"

"ती बरी दिसत होती, सिस्टर."

"सकाळी सरांना काय सांगितलंत? बरं वाटतं तेव्हाच जपायचं, तुम्हीच म्हणालात ना?"

"हो," तो म्हणाला. मग कागदाकडे बघत, "तुम्ही हे सरांना दाखवणार का?"

आयसीयूत गेलेल्या बाईचं काय झालं हे त्याने विचारलं नाही. मी मुद्दाम थांबले, विचारेल म्हणून. नाही विचारलं.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस चांगला, डॉक्टर म्हणून तर फारच चांगला. माझ्या सासूबाईंना मी त्यांनाच दाखवलं होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. समोर चार्ट होता, झेरॉक्स ठेवून घेऊन मीच आदल्या दिवशी त्यांना दिलेला.

"चूक झालीय, ती मोठी आहे," ते म्हणाले. "मी त्याला चांगलाच झापलाय. पण सिस्टर, मुलगा हुशार आहे. लेखी तक्रार वर गेली तर त्याचं पूर्ण वर्ष अडकेल. आणि सुदैवाने पेशंट वाचलीय."

"सर, ती वाचली हे त्याच्यामुळे नाही. तो मुद्दा त्याच्या बाजूने का धरायचा?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग शांतपणे म्हणाले, "बारा वाजता तुम्ही त्या रांगेतून गेला होतात. तेव्हा तुम्ही तिला हात लावून पाहिलं का?"

"नाही."

"मग वॉर्डाची जबाबदारी कुणाची?"

सर म्हणाले ते खरं होतं. मी पाहायला हवं होतं. पण खऱ्या गोष्टीसुद्धा कशासाठी वापरल्या जातात यावर बरंच काही अवलंबून असतं. मी झोपलेली समजून पुढे गेले ती चूक, आणि बसल्या जागी चार वेळांचे आकडे रचून त्याखाली सही केली तीही चूक, अशी त्या टेबलावर दोन्ही एका मापाने मोजली जात होती. चहा न पिता मी उठले. आठवड्याने मला मेमो आला, वॉर्डावरील देखरेखीत हलगर्जी, खुलासा करावा. त्या मुलाला कागद असा काहीच मिळाला नाही.

आमच्या मेट्रन वयाने मोठ्या, नोकरीभर मी त्यांना ताई म्हणत आले. त्या म्हणाल्या, "अगं, दोन ओळींत दिलगिरी लिहून टाक. विषय संपेल. कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" मी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दीड पान लिहिलं. माझी चूक पहिल्याच परिच्छेदात लिहिली, कुठलीही सारवासारव न करता. उरलेल्या सव्वा पानात कोणत्या तारखेला किती इंटर्न प्रत्यक्ष वॉर्डात होते आणि पटावर किती सह्या होत्या ते मला आठवलं तेवढं लिहिलं. चार्टची झेरॉक्स जोडली. त्या खुलाशाला आजतागायत उत्तर आलेलं नाही.

बाई पाचव्या दिवशी आयसीयूतून वॉर्डात परत आली होती. चेहरा सुकलेला, पण बोलणं पुन्हा सुरू झालेलं. तिचा नवरा खाटेशेजारी स्टुलावर बसला होता. मी तिचं बीपी घेतलं आणि पट्टा सोडताना विचारलं, "त्या दिवशी सकाळी ते डॉक्टर आले होते ना, त्यांनी हाताला हा पट्टा बांधला होता का?"

"नाय. खाटेपाशी उभं राहून लिहिलं त्यांनी," ती म्हणाली. "मला वाटलं, एवढं शिकलेलं माणूस, बघूनच कळत असंल."

"नाही हो. कुणालाच बघून कळत नाही. मोजावंच लागतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मंग ते लिहीत काय व्हते?"

आमच्याकडे असं काही पेशंटला सांगायचं नाही, असा कुठे लिहिलेला नियम नाही, पण तो सगळ्यांना पाठ असतो. मी सांगितलं. दहाचं, बाराचं, दोनचं आणि चारचं, सगळं मनाने लिहिलेलं होतं आणि त्या वेळात तिचं बीपी खाली जात होतं, हे मी तिला आणि तिच्या नवऱ्याला तिथेच सांगितलं. तक्रार करायची असेल तर कुठे अर्ज द्यायचा तेही सांगितलं.

नवरा उठला, खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. "ताई, आपल्याला काय करायचं नाय," तो म्हणाला. "उद्या परत दुखलं-खुपलं तर इथंच यायचं हाय. एवढा मोठा दवाखाना आम्हाला दुसरा कुठं हाय?"

मला त्याचा राग आला नाही. राग आला तो त्याला असं बोलायला लावणाऱ्या सगळ्या गोष्टींचा. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच आवाज खाली ठेवावा लागत होता. बाई मात्र घरी जायच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या पोराला सांगा, मी इचारलं व्हतं म्हणून. काय लिहीत व्हतास." मी तिला शब्द दिला.

मुलाला शिक्षा झाली ती अशी. त्याचं मेडिसिनचं काम पंधरा दिवसांनी वाढवलं आणि रोजच्या हजेरीवर इनचार्ज सिस्टरची, म्हणजे माझी, सही लागेल असं ठरलं. मला हसावं की रडावं कळेना. वॉर्डात पेशंटजवळ उभं राहणं ही शिक्षा आहे, हे आता इस्पितळाने स्वतःच मान्य केलं होतं. परीक्षेत नापास झालेल्याला अभ्यास करायला लावतात ते वेगळं. इथे ज्या कामासाठी ही मुलं डॉक्टर होतात तेच काम दंड म्हणून दिलं जात होतं.

पहिल्या दिवशी मी त्याला पहिल्या खाटेशी नेलं आणि म्हटलं, "घ्या बीपी." त्याने पट्टा बांधला. नळ्या वरच्या बाजूला, पट्टा इतका सैल की त्यात अख्खा पंजा सहज गेला असता. पाच वर्षं शिकलेला, सगळ्या परीक्षांत वरच्या नंबराने पास झालेला आणि पट्टा उलटा. मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो लाल झाला.

"हे तुम्हाला कुणी दाखवलं नाही?"

"पहिल्या वर्षी दाखवलं होतं. नंतर करायची वेळ आली नाही," तो म्हणाला.

त्याच्या सहीने भरलेले कितीतरी चार्ट माझ्या डोळ्यांपुढून गेले. त्या खाटांवर कोण कोण होतं, त्यांतल्या कुणाचं काय झालं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. मी त्याला पट्टा सोडून पुन्हा बांधायला लावला. चार वेळा. खाटेवरची म्हातारी सटाण्याकडची होती, अहिराणी बोलणारी. तिने विचारलं, "कितलं शे रे भाऊ?" त्याला कळलं नाही, तो माझ्याकडे बघायला लागला. माझं माहेर तिकडचंच. "किती आहे ते विचारतायत. सांगा त्यांना," मी म्हटलं. त्याने आकडा सांगितला. म्हातारीने तो बरा की वाईट ते विचारलं, तेही त्याला सांगावं लागलं. आपण मोजलेला आकडा पेशंटला सांगायची वेळ त्याच्यावर बहुधा पहिल्यांदाच आली होती.

पंधरा दिवसांत तो सुधारला नाही असं मी म्हणणार नाही. आठव्या-दहाव्या दिवसापासून मला सांगावं लागत नव्हतं. हात सफाईदार झाला. एका पेशंटची नाडी अनियमित चालतेय हे त्याने माझ्याआधी पकडलं आणि निवासी डॉक्टरांना स्वतःहून बोलावलं. मी त्याला "बरोबर केलंत" म्हटलं. पण तो कधी हसला नाही. कुणीतरी आपलं काहीतरी हिरावून घेतलंय असा चेहरा घेऊन फिरायचा.

शेवटच्या दिवशी तो हजेरीचा कागद घेऊन टेबलाशी आला.

"सिस्टर, एक बोलू? राग मानू नका."

"बोला."

"सगळेच करतात हे. तुम्हालाही माहितेय. ते सगळे वेळेवर पुढच्या पोस्टिंगला गेले. माझं पान तुमच्या हाती लागलं इतकंच."

मला वाटलं होतं की तो माफी मागेल. निदान तसे शब्द तरी शोधेल. त्याऐवजी त्याला अन्याय दिसत होता, आणि तोही स्वतःवर झालेला. वाईट हे की तो खोटं बोलत नव्हता. खरंच सगळे करत होते आणि खरंच सगळे सुटले होते.

"त्या बाईने तुमच्यासाठी एक निरोप ठेवलाय," मी म्हटलं. "खाटेशी उभं राहून तुम्ही काय लिहीत होतात, असं त्यांनी विचारलंय."

त्याने हजेरीचा कागद टेबलावर ठेवला. "कशा आहेत त्या?" त्याने विचारलं.

महिन्याभराने पहिल्यांदा विचारलं.

"घरी आहेत. दसऱ्याचा झेंडू दुसऱ्यांना तोडायला लावावा लागला. उभं राहवत नव्हतं त्यांना."

त्याने मान हलवली. मी कागदावर सही केली. पंधरा दिवस तो खरोखर हजर होता, त्यामुळे सही नाकारायला माझ्याकडे कारण नव्हतं. तो "थँक यू सिस्टर" म्हणून गेला. तो निरोप त्याच्यापर्यंत किती पोहोचला ते मला माहीत नाही. पोहोचला असावा असं मानायला मला आवडेल, पण मानण्याने काही होत नाही.

त्या खेपेला लांबलेली नवी तुकडी त्याच महिन्यात आली. पहिल्या सकाळी आठही जण माझ्या टेबलाभोवती जमले तेव्हा एकाने विचारलं, "सिस्टर, इथे हजेरी कोण बघतं?" मी खुर्चीत बसले, डाव्या हाताची बाही वर केली, पट्टा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "एकेकाने माझं बीपी घ्या. कागदावर लिहा. एकमेकांचं बघायचं नाही."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी हळूच हसलं. पण मी हात पुढे करून बसले होते, त्यामुळे घ्यावं लागलं. राउंडसाठी विभागप्रमुख आत आले, दारात क्षणभर थांबले, माझ्याकडे आणि त्या रांगेकडे पाहिलं आणि दुसऱ्या टोकाच्या खाटेकडे गेले. आठ कागदांवर आठ वेगवेगळे आकडे आले. दोघांना खालचं ऐकूच आलं नव्हतं आणि त्यातल्या एकाने तरीही ऐंशी लिहिलं होतं.

"हे कुठून आलं?" मी त्याला विचारलं.

त्याच्या मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "सिस्टर, मग तुमचं खरं बीपी किती आहे?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "परत मोजा."